चादर पसरण्याआधी: लूम आणि गोदामात काम करणाऱ्यांचे हक्क

भिवंडीत किंवा मालेगावात राहणाऱ्याने हे अनेकदा पाहिलेलं असतं. लूमच्या कारखान्यात कुणाचा तरी हात बेल्टमध्ये येतो, कुणाच्या डोळ्यावर सुटलेला धोटा बसतो, कुणाला वायरीचा झटका लागतो. शेठ स्वतः रिक्षात घालून दवाखान्यात नेतात आणि पहिल्या दिवसाचं बिल भरतात. पुढच्या जुम्याला मशिदीच्या दारात चादर पसरली जाते. लोक मन मोठं करून देतात, चाळीस-पन्नास हजार जमतात. त्यानंतर तो माणूस काय करतो, घर कसं चालवतो, याची चौकशी कुणी फारशी करत नाही.

देणाऱ्यांच्या नियतीबद्दल आम्हाला काहीच म्हणायचं नाही. पण जे कायद्याने देणं लागतं, ते आपण मदत म्हणून गोळा करतो आणि मदत मिळाली की देणं विसरतो. मजुराला पन्नास हजारांसाठी हात पसरावा लागतो आणि त्याच्या हक्काचे काही लाख कुणी मागतच नाही. मागायचे असतात हेच घरात कुणाला माहीत नसतं.

आधी हिशेब पाहू. समजा कामगाराचं वय 30 आहे, पगार महिन्याला 15,000 रुपये आहे आणि कामावर असताना त्याचा एक डोळा कायमचा गेला. कायद्याच्या परिशिष्टात कुठला अवयव गेला तर कमाईची किती टक्के क्षमता गेली असं धरायचं, याची यादी दिलेली आहे. दुसरा डोळा शाबूत असेल तर एक डोळा गमावणं म्हणजे 40 टक्के. वयानुसार एक गुणक असतो. 30 वर्षांसाठी तो 207.98 आहे. पगाराच्या 60 टक्के, म्हणजे 9,000 रुपये, गुणिले 207.98, म्हणजे 18,71,820 रुपये. ही पूर्ण अपंगत्वाची रक्कम झाली. तिचे 40 टक्के म्हणजे 7,48,728 रुपये. शिवाय उपचाराचा खरा खर्च मालकाने वेगळा द्यायचा.

मृत्यू झाला तर पगाराच्या 50 टक्के धरतात. 40 वर्षांच्या माणसाचा गुणक 184.17 आहे, म्हणजे 7,500 गुणिले 184.17, एकूण 13,81,275 रुपये. पगार 15,000 पेक्षा जास्त असला तरी या हिशेबात 15,000 च धरले जातात. ही मर्यादा केंद्र सरकारने 2020 मध्ये ठरवली.

ही रक्कम कोण देणार, हे कारखान्यात किती माणसं आहेत त्यावर ठरतं. दहा किंवा जास्त माणसं असतील आणि पगार 21,000 पर्यंत असेल तर कामगार राज्य विमा, म्हणजे ईएसआय, लागू होतो. मग पैसे विमा महामंडळ देतं. कामावरच्या अपघातात काम बंद असेपर्यंत पगाराच्या सुमारे 90 टक्के रक्कम मिळते. कायमचं अपंगत्व आलं तर दरमहा पेन्शन मिळतं, आणि माणूस गेला तर बायको-मुलांना. अपघातासाठी अमुक दिवस हप्ता भरलेला असावा अशी अटही नाही. कामावर रुजू झालेल्या दिवशी अपघात झाला तरी हक्क आहे.

दहापेक्षा कमी माणसं असतील तर वर सांगितलेली नुकसानभरपाई मालकाने स्वतः द्यायची. इथे बऱ्याच लोकांचा गैरसमज आहे. ‘आमच्याकडे सहाच माणसं, आम्हाला कुठला कायदा?’ असं शेठ म्हणतात आणि कामगारालाही ते पटतं. विजेवर चालणाऱ्या कारखान्यात नुकसानभरपाईसाठी माणसांच्या संख्येची अट नाही. उलट छोट्या कारखानदारावरच हा बोजा थेट येतो, कारण त्याच्यामागे विमा महामंडळ उभं नसतं.

आणि दहाच्या वर माणसं असूनही शेठने नोंदणीच केली नसेल तर? तरीही ईएसआय कार्यालयात अर्ज करावा. महामंडळ कामगाराला लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकतं. एकाच छपराखालचे 24 लूम भावाच्या, मुलाच्या आणि मेहुण्याच्या नावावर तीन कारखाने दाखवले, म्हणजे माणसं आपोआप दहाच्या खाली गेली असंही नाही. जागा, वीज, देखरेख आणि पैसा एकच आहे का, हे तपासलं जातं.

आता सगळ्यात नाजूक मुद्दा, मोहल्ल्यातल्या तडजोडीचा. अपघातानंतर दोन-चार वडीलधारी मंडळी बसतात. ‘आपसातली बाब आहे, कोर्टकचेरी कशाला’, असं म्हणत शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं जातं की दोन लाख मिळाले, आता काही तक्रार नाही. या कागदाला कायद्यात फार किंमत नाही. नुकसानभरपाईचा हक्क सोडून देणारा करार रद्दबातल असतो. मृत्यूच्या प्रकरणात तर रक्कम नुकसानभरपाई आयुक्ताकडे जमा करावी लागते. महाराष्ट्रात हे काम बहुधा कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच पाहत आले आहेत. मालकाने थेट घरी नेऊन दिलेले पैसे, थोडी आगाऊ रक्कम सोडली तर, भरपाई म्हणून धरले जात नाहीत. म्हणजे शेठने चांगल्या मनाने दोन लाख दिले तरी त्याचं देणं फिटत नाही. वडीलधाऱ्यांनी बसावं, जरूर बसावं, पण ठरलेली रक्कम योग्य अधिकाऱ्यासमोर नोंदवावी. त्यात विधवेचं भलं आहे आणि शेठचंही.

महिन्याभरात भरपाई दिली नाही तर 12 टक्के व्याज लागतं. कारण नसताना अडवली तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड बसू शकतो. दावा करायची मुदत दोन वर्षं. ‘त्याचीच चूक होती, लक्ष नव्हतं’ हे मालकाचं नेहमीचं उत्तर. साध्या निष्काळजीपणामुळे हक्क जात नाही. दारू पिऊन काम करणं किंवा सुरक्षेचं साधन मुद्दाम काढून टाकणं, अशा मोजक्याच गोष्टी मालकाच्या बाजूने जातात. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर त्याही चालत नाहीत.

पण हे सगळं मिळवायला एक गोष्ट सिद्ध करावी लागते: हा माणूस इथे कामाला होता. घोडं अडतं ते इथेच.

आपल्याकडे माणूस कामाला लागतो तो ओळखीने. गावाकडचा कुणी जॉबर असतो, तो मेहताला सांगतो आणि दुसऱ्या दिवसापासून चार लूम अंगावर येतात. हजेरीपट नाही, कार्ड नाही, पगाराची चिठ्ठी नाही. पंधरा दिवसांनी मीटर मोजून रोख पैसे हातात. वीस वर्षं असं चालतं आणि अपघाताच्या दुसऱ्या दिवशी ‘हा आमच्याकडे नव्हताच, भावाला डबा द्यायला आला होता’ असं ऐकायला मिळतं. असं बोलणारे सगळेच शेठ दुष्ट नसतात. पुष्कळदा ते घाबरलेले असतात.

21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि 29 जुने केंद्रीय कायदे त्यांत सामावले गेले. वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि कामाच्या जागची सुरक्षितता असे त्यांचे चार विषय. कामगार संघटनांनी या संहितांना विरोध केला आहे आणि काही बाबतींत तो आम्हाला रास्त वाटतो. विशेषतः कारखाना कशाला म्हणायचं याची मर्यादा वीज असेल तर 20 माणसांवर गेली, हे छोट्या लूमवाल्या गावांना मारक आहे. (महाराष्ट्राने ही मर्यादा आपल्यापुरती आधीच वाढवली होती, हेही खरं.) पण आपल्या उपयोगाच्या तीन गोष्टी त्यांत आहेत. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी प्रत्येकाला नेमणूकपत्र द्यायचं. प्रत्येकाला पगाराची चिठ्ठी द्यायची. आणि मजुरी मिळाली नाही किंवा कमी मिळाली असा दावा झाला, तर ती दिली होती हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची. तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी आहे. शेठकडे कागद नसेल तर अडचण शेठची.

म्हणजे कामगाराने काहीच ठेवायचं नाही असं नाही. तुम्ही तिथे काम करत होता एवढं तरी दाखवावं लागतं. एक साधी वही ठेवा, रोजची तारीख, पाळी, किती मीटर, किती पैसे मिळाले. कारखान्यातला, मागे लूम दिसतील असा फोटो फोनमध्ये असू द्या. मेहताचा ‘आज रात्रपाळीला ये’ असा व्हॉट्सॲपवरचा निरोप पुसू नका. उत्तरेकडून आलेले भाऊ बिस्सीत जेवतात. तिथलं खातंही कोण किती दिवस कुठे कामाला होता हे सांगतं. अपघात झालाच तर दवाखान्यातल्या केसपेपरवर ‘लूमवर काम करताना लागलं’ असं लिहून घ्या, ‘घरी पडला’ असं लिहू देऊ नका. भरती करताना सोबत मेहता असतो, माणूस वेदनेने तळमळत असतो आणि जे सांगितलं जाईल ते लिहिलं जातं. पुढची दोन वर्षं त्या एका ओळीवर भांडण चालतं. गंभीर दुखापत असेल तर पोलिसांत नोंद होते, तिची प्रत मागून घ्या.

मजुरीबद्दल. लूमवर मजुरी मीटरवर किंवा पिकवर ठरते, म्हणून अनेकांना वाटतं की किमान वेतन फक्त महिन्याच्या पगारवाल्यांसाठी आहे. तसं नाही. नगावर काम असलं तरी वेळेनुसार ठरलेल्या किमान वेतनापेक्षा कमी देता येत नाही. माणसाने पूर्ण पाळी भरली आणि सूत खराब होतं म्हणून मीटर कमी पडले, तर तो फटका कामगाराने सोसायचा नसतो. महाराष्ट्रात यंत्रमाग उद्योगाचे दर सरकार ठरवतं. भागानुसार परिमंडळं आहेत आणि महागाईनुसार विशेष भत्ता जानेवारीत आणि जुलैत बदलतो. ताजा तक्ता कामगार आयुक्तालयाच्या संकेतस्थळावर मिळतो. घरातल्या शिकलेल्या पोराने तो एकदा उघडून अब्बांच्या मजुरीशी ताडून पाहावा. 1982 मध्ये, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं ही घटनेच्या कलम 23 नुसार सक्तीची मजुरीच आहे. निकाल जुना असला तरी अजून कामाचा आहे.

पाळीचंही तसंच. बारा तासांची पाळी आपल्याकडे इतकी रुळली आहे की आठ तास म्हटलं तर लोक हसतात. आठवड्याला 48 तासांवरचं काम जादा काम आहे आणि त्याची मजुरी दुप्पट दराने मिळायला हवी. मालेगावात शुक्रवारी लूम बंद असतात, तशी आठवड्याची सुट्टी सगळीकडे हवी. ती सणाची मेहरबानी नव्हे.

‘डॅमेज’ हा शब्द लूमवाल्यांना नवीन नाही. कापडावर डाग पडला, धागा सुटला, की तेवढे पैसे कापले. असे पैसे वाटेल तसे कापता येत नाहीत. नुकसान थेट त्या कामगाराच्या हयगयीमुळे झालेलं हवं, त्याला बाजू मांडायची संधी द्यायला हवी आणि नुकसानीपेक्षा जास्त कापता येत नाही. लूम जुना, तेल गळतं आणि डाग पडतो, तर त्यात हयगय कुणाची? दंडाची मर्यादा मजुरीच्या 3 टक्के आहे. आणि सगळ्या कपाती मिळून मजुरीच्या निम्म्यापेक्षा जास्त होऊ नयेत.

या निम्म्यात उचलीची वसुलीही आली. उचल म्हणा, पेशगी म्हणा, बाकी म्हणा. बहिणीच्या लग्नाला, अम्मीच्या ऑपरेशनला शेठकडून वीस-तीस हजार घेतले जातात आणि मग ‘बाकी फेड आणि मग जा’ सुरू होतं. दुसऱ्या कारखान्यात जायचं तर नव्या शेठने जुन्याची बाकी द्यायची, म्हणजे माणूसच बाकीसकट एका वहीतून दुसऱ्या वहीत जातो. उसने घेतलेले पैसे फेडायला हवेत, त्याबद्दल दुमत नाही. पण उचल बाकी आहे म्हणून माणसाला काम सोडायला मनाई करणं, त्याचं आधार कार्ड अडकवून ठेवणं, मजुरी न देता राबवणं हे 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात गुन्हा ठरू शकतं. अशी तक्रार जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकाऱ्याकडे करता येते. शेठला आपले पैसे वसूल करायचे असतील तर दिवाणी न्यायालय आहे.

काम सुटलं, काढलं किंवा स्वतः सोडलं, तर राहिलेली मजुरी दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावी लागते. घाम सुकण्याआधी मजुरी द्यायची शिकवण आपल्याला लहानपणापासून तोंडपाठ आहे. दोन दिवस म्हणजे तसे उदारच झाले.

रमजानमध्ये ईदी मिळते. काही कारखान्यांत कपडे आणि सामानाची पिशवीही मिळते. ती घ्यावी, शुक्रिया म्हणावं. पण 20 किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी बोनस हा वेगळा हक्क आहे. वर्षात 30 दिवस काम केलेल्या आणि ठरलेल्या पगारमर्यादेतल्या कामगाराला किमान 8.33 टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याची मजुरी. सणाला दिलेली रक्कम बोनसपोटीच असेल तर शेठला ती हिशेबात वजा करता येते, पण मग तसं सांगून आणि लिहून द्यावं. ‘ईदी दिली ना?’ एवढ्यावर हिशेब संपत नाही. काही जण कामगाराला जकात देतात आणि तीच मजुरीत धरतात. मजुरीच्या बदल्यात जकात अदा होत नाही, हे उलेमा नेहमीच सांगत आले आहेत. त्यासाठी कायद्याचं पुस्तक उघडायची गरजच नाही.

ग्रॅच्युइटीचं नाव आपल्या मोहल्ल्यात क्वचितच ऐकू येतं. 10 किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी सलग पाच वर्षं काम केलेल्याला नोकरी सोडताना दर वर्षामागे 15 दिवसांची मजुरी मिळते. महिना 26 दिवसांचा धरतात. 15,600 पगार असेल तर रोजचे 600, पंधरा दिवसांचे 9,000, आणि बारा वर्षं काम केलं असेल तर 1,08,000 रुपये. मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर पाच वर्षांची अट नाही. नव्या संहितेत ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्याला एका वर्षानंतरही हा हक्क मिळतो. आम्ही ज्यांच्याशी बोललो त्यांत तीस-तीस वर्षं एकाच कारखान्यात घालवलेले चाचा होते. निघताना त्यांना एक शाल मिळाली होती.

आता गोदामं. भिवंडीत लूम भंगारात निघत आहेत आणि मानकोली, काल्हेर, पडघ्याकडच्या गोदामांत आपली पोरं पाठीवर स्कॅनरची पिशवी घेऊन फिरत आहेत. ज्यांच्या जमिनीवर ही गोदामं आहेत त्यांतले काही आपलेच कोकणी मुसलमान, ठेकेदारांतही आपले आहेत आणि ओझी उचलणारेही आपलेच. इथे रोख पैसे कमी आणि पगार खात्यात जातो, हे चांगलं झालं. पण इथली फसवणूकही वेगळी आहे. पगारातून पीएफ कापला जातो आणि तो भरलाच जात नाही.

हे तपासायला कुणाची परवानगी लागत नाही. प्रत्येक कामगाराचा बारा आकडी यूएएन क्रमांक असतो. उमंग ॲपवर किंवा पीएफच्या संकेतस्थळावर पासबुक उघडतं आणि दर महिन्याला किती जमा झाले ते दिसतं. तुमच्या मजुरीचे 12 टक्के आणि मालकाचे 12 टक्के. मालकाच्या हिश्शातले 8.33 टक्के पेन्शनकडे जातात. दहा वर्षं भरली की 58 व्या वर्षी पेन्शनचा हक्क येतो, म्हणून नोकरी बदलताना दर वेळी पैसे काढून खाते रिकामं करू नका आणि दर ठेकेदाराकडे नवा यूएएनही काढू नका. पीएफमध्ये असताना मृत्यू झाला तर वारसाला विमा मिळतो, तो 7 लाखांपर्यंत जाऊ शकतो. अपघात कामावरच झालेला असावा अशी अटही नाही. आजारपणात गेलेल्या तरुणाच्या घरच्यांनी पीएफची तीस-चाळीस हजारांची रक्कम काढली आणि विम्याचा अर्जच केला नाही, असं होतं. आपल्या घरात असं झालं असेल तर पीएफ कार्यालयात पुन्हा विचारा. आणि वारस म्हणून कुणाचं नाव आहे ते आजच पाहा. निकाहच्या आधी भरलेल्या फॉर्मवर बहुधा अम्मी-अब्बांचंच नाव राहिलेलं असतं.

ठेकेदार पळाला तर? गोदाम ज्याचं, त्याची जबाबदारी संपत नाही. मजुरी ठेकेदाराने दिली नाही तर ज्याच्या आस्थापनेत काम चालतं त्याच्याकडे मागता येते. म्हणून ठेकेदाराच्या नावाबरोबर आतल्या कंपनीचं नावही माहीत असू द्या. गेटपासचा फोटो काढून ठेवा. रात्रपाळीला मोटारसायकलवर जाताना हायवेवर होणारे अपघातही आता, कामाशी संबंध दाखवता आला तर, कामावरचेच धरले जातात.

बायकांच्या कामाबद्दल वेगळं सविस्तर लिहायला हवं, आज थोडक्यात. घरी धागे तोडणं, मोती लावणं, विडी वळणं हे कामच आहे. ‘बसल्या बसल्या चार पैसे’ म्हणून त्याचा दर कमी होत नाही. दुकानात किंवा पॅकिंगला जाणाऱ्या मुलींसाठी: आधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम केलं असेल तर प्रसूतीची 26 आठवड्यांची भरपगारी रजा आहे (दोन मुलं हयात असतील तर 12 आठवडे). कामावर कुणी त्रास दिला तर, दहापेक्षा कमी माणसांच्या ठिकाणीही, जिल्ह्याची स्थानिक समिती तक्रार घेते. मुदत तीन महिने. लाजेखातर मुलीला घरी बसवण्याआधी हा रस्ता आईबापांना माहीत असावा.

हा मजकूर शेठ मंडळीही वाचतात, काहींच्या घरी सहा-आठ लूम आहेत. त्यांची अडचण आम्हाला दिसते. सूत महाग, वीजबिल वाढतं, व्यापारी मीटरमागे पैसे कापतो आणि सहा महिने उधारी ठेवतो. पण आकडे समोर ठेवून बघा. ईएसआयमध्ये मालकाचा हिस्सा 3.25 टक्के, कामगाराचा 0.75 टक्के. 15,000 पगारावर शेठचे महिन्याला 487 रुपये आणि काही पैसे. त्याच्या बदल्यात कामगाराच्या अपघाताच्या भरपाईची जबाबदारी महामंडळाकडे जाते. वर मांडलेला साडेसात लाखांचा हिशेब एका डोळ्याचा होता. असं एक प्रकरण आलं तर सहा लूम विकूनही ते भागणार नाही. दहापेक्षा कमी माणसं असतील त्यांनी विमा कंपनीकडून कामगार नुकसानभरपाईची पॉलिसी घ्यावी. देवाणघेवाण लिहून ठेवायला सांगणारी सूरह बकरामधली आयत कुरआनातली सगळ्यात मोठी आयत आहे, हे आपण वाजमध्ये ऐकतो. हजेरीची वही त्याच हिशेबातली.

कुठे जायचं? मजुरी, बोनस आणि जादा कामाच्या पैशासाठी कामगार आयुक्तालयाच्या जिल्हा कार्यालयात, दाव्याची मुदत तीन वर्षं. कामावरून काढलं असेल तर तिथल्याच समेट अधिकाऱ्याकडे अर्ज, 45 दिवसांत मिटलं नाही तर न्यायाधिकरणात थेट जाता येतं. इथे मुदत दोनच वर्षं, म्हणून ‘शेठ परत बोलावतील’ म्हणत बसू नका. पीएफसाठी पीएफ कार्यालय, ईएसआयसाठी त्यांची शाखा. अर्ज मराठीत, साध्या कागदावर, दोन प्रतींत लिहा आणि एका प्रतीवर शिक्का व तारीख घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. साहेब जेवायला गेलेत म्हणाले तर बसून राहा.

वकिलाच्या फीची भीती असते. औद्योगिक कामगार आणि महिला यांना उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. प्रत्येक तालुका न्यायालयात त्यांची समिती बसते आणि 15100 या क्रमांकावर फोन करून विचारता येतं. जाताना आधार कार्ड, बँकेचं पासबुक, दवाखान्याचे कागद आणि ती रोजची वही सोबत न्या.